तोंडात काही दिसत नाही, पण थुंकीही गिळवत नाही : प्रौढांच्या घशातील धोक्याची सूज

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपळगाव बसवंत येथील एक द्राक्ष बागायतदार, वय ४८, दहा वर्षांपासून मधुमेह. दोन दिवस घसा दुखत होता. जवळच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिले आणि घसा फारसा लाल नाही म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी पहाटे थुंकीही गिळवेना, आवाज बदलला आणि आडवे झाले की जीव घाबरा होऊ लागला. नाशिकच्या एका रुग्णालयात नाकातून दुर्बीण घालून तपासल्यावर स्वरयंत्राच्या झाकणाला सूज असल्याचे निदान झाले. त्यांना तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवले, शिरेतून औषधे दिली, श्वासासाठी नळी घालावी लागली नाही आणि पाचव्या दिवशी घरी सोडले. आता त्यांचे धाकटे बंधू विचारतात की साध्या घसादुखीला अतिदक्षता विभाग खरोखर आवश्यक होता का, पहिल्या डॉक्टरांना घसा चांगला दिसला तो कसा, आणि पुन्हा असे झाले तर घरच्यांनी काय ओळखावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यामागे खर्चाची आणि फसवणुकीची शंका आहे आणि ती शंका मनात घेऊन कोणी पुढचे उत्तर शांतपणे वाचू शकत नाही. आपण जे वर्णन केले आहे त्यावरून पाहता तो निर्णय योग्य होता. नळी घालावी लागली नाही म्हणून अतिदक्षता विभाग व्यर्थ गेला, असा हिशेब येथे लागू पडत नाही. त्या तीन दिवसांत आपल्या बंधूंना जी गोष्ट हवी होती, ती म्हणजे श्वास अडू लागल्याच्या पहिल्या मिनिटाला ते ओळखणारी नजर आणि पुढच्या दोन-तीन मिनिटांत मार्ग मोकळा करू शकणारे हात. सामान्य कक्षात रात्री तीन वाजता या दोन्ही गोष्टी एकाच खाटेपाशी मिळतील याची खात्री कोणतेही रुग्णालय देऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी घशाची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. आपण तोंड उघडून ‘आ’ करतो तेव्हा दिसतात त्या टॉन्सिल्सच्या गाठी, मध्ये लोंबणारी पडजीभ आणि त्यामागची भिंत. स्वरयंत्र त्याहून खाली, जिभेच्या मुळाच्या मागे असते आणि त्याच्या तोंडाशी पानाच्या आकाराचे एक लवचीक कूर्चेचे झाकण असते. त्याला आम्ही एपिग्लॉटिस म्हणतो. घास गिळताना ते मागे कलते आणि अन्न श्वासनलिकेत जाऊ देत नाही. पुष्कळ लोक पडजीभ म्हणजेच हे झाकण असे समजतात, परंतु ही दोन अगदी वेगळी अंगे आहेत. पडजीभ आरशात दिसते, झाकण दिसत नाही. त्यामुळे बॅटरीने घसा पाहून ‘काही विशेष नाही’ असे म्हणणारे डॉक्टर खोटे बोलले नाहीत. त्यांना दिसणाऱ्या भागात खरोखरच काही नव्हते. आजार त्यांच्या नजरेच्या टप्प्याखाली दोन-तीन बोटे अंतरावर होता.

यातूनच या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाची खूण निघते आणि मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक तरुण डॉक्टरला ती पहिल्या दिवशी सांगतो. घसा दिसायला जितका बरा आणि गिळताना होणाऱ्या वेदना जितक्या असह्य, तितका आजार खाली असण्याचा संशय अधिक. टॉन्सिल्सवर पुवाचे ठिपके आहेत, घसा लालभडक आहे आणि रुग्ण कण्हत का होईना पाणी पितो आहे, तर मला तितकी भीती वाटत नाही. परंतु तोंडात काहीही दिसत नाही आणि माणूस रुमालात थुंकत बसला आहे, तर मी त्याला बाहेरच्या बाकावर थांबू देत नाही.

या झाकणाची आणि त्याच्या आसपासच्या भागाची सूज हा आजार पूर्वी प्रामुख्याने लहान मुलांचा मानला जाई. त्याला हिमोफिलस इन्फ्लुएंझा प्रकार ब हा जिवाणू कारणीभूत असे. या जिवाणूविरुद्धची लस आल्यानंतर मुलांमधील प्रमाण अनेक देशांत झपाट्याने घटले. भारतात ही लस पाच आजारांवरील एकत्रित लसीच्या रूपाने डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सरकारी लसीकरणात येऊ लागली आणि नंतर सर्व राज्यांत पोहोचली. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना ती लहानपणी मिळालेली नाही. अर्थात प्रौढांमध्ये हा एकच जिवाणू दोषी नसतो. न्यूमोकोकस, इतर स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस असे अनेक जिवाणू सापडतात आणि कित्येकदा तपासणीत कोणताच जिवाणू वाढत नाही. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर वर्षी एक लाख प्रौढांमागे साधारण एक ते चार जणांना हा आजार होतो. म्हणजे तो दुर्मीळ आहे. दुर्मीळ आहे म्हणूनच तो निसटतो, कारण सामान्य दवाखान्यात दिवसाला वीस घसे पाहणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला असा रुग्ण कित्येक वर्षांत एखादाच येतो.

आता सूज धोकादायक का ठरते ते पाहू. नळीतून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. हे शाळेतले गणित वाटेल, पण रुग्णाच्या छातीवर बसणारे ओझे हेच आहे. समजा मार्ग ८ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि चहूबाजूंनी फक्त १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास ६ मिलिमीटर उरतो आणि अडथळा तिपटीहून अधिक होतो. आणखी १ मिलिमीटर सूज आली की अडथळा मूळच्या सोळापट होतो. हवा खळाळत वाहू लागली की प्रत्यक्षातील अडथळा याहूनही अधिक असतो. त्यामुळे ‘सकाळपर्यंत बरे होते, अचानक बिघडले’ असे नातेवाईक सांगतात तेव्हा ते खरेच सांगत असतात. सूज हळूहळूच वाढत असते, श्वास मात्र एका टप्प्यानंतर एकदम कोसळतो.

या जागेची आणखी एक खासियत आहे. झाकणाच्या जिभेकडील बाजूवरची त्वचा सैल असते, तिच्याखाली पाणी भरत जाते आणि झाकण फुगून एखाद्या पिकलेल्या लालसर फळासारखे गोल दिसू लागते. स्वरतंतूंवरची त्वचा मात्र घट्ट चिकटलेली असते, तिच्याखाली सहसा इतके पाणी साचत नाही. म्हणून या आजारात आवाज सर्दीत बसतो तसा घोगरा होत नाही. तो दबका, भरल्यासारखा होतो, जणू माणूस तोंडात गरम घास धरून बोलतो आहे. फोनवरही हा फरक कळतो. घसा बसला की शब्द फाटतात, येथे शब्द शाबूत असतात पण कोंडलेले वाटतात. आपल्या पत्रातील ‘आवाज बदलला’ हे दोन शब्द वाचताना मी थांबलो, ते यामुळेच.

लाळ गळणे ही दुसरी खूण. आपल्याकडे प्रौढ माणूस लाळ गळू देत नाही, त्याला लाज वाटते. म्हणून तो हातात रुमाल, टॉवेल किंवा वाटी घेऊन येतो आणि बोलता बोलता थुंकत राहतो. मी लाळेविषयी विचारले तर ‘नाही’ असे उत्तर येते, पण हातातला ओला टॉवेल सांगायचे ते सांगून टाकतो. तिसरी खूण बसण्याची पद्धत. रुग्ण पाठ टेकत नाही. तो दोन्ही हात गुडघ्यांवर किंवा खाटेच्या कडेवर टेकून, हनुवटी पुढे काढून बसतो, कारण त्या स्थितीत झाकण पुढे ओढले जाते आणि हवेला वाट मिळते. त्याने शरीराच्या समजुतीने शोधलेली ती जागा असते आणि ती कोणीही मोडू नये.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. शिकाऊ डॉक्टर असताना असाच एक रुग्ण आला होता. मानेचा एक्स-रे हवा म्हणून मी त्याला एका सेवकासोबत खाली पाठवले. एक्स-रेच्या खोलीत त्याला टेबलावर आडवे व्हायला सांगण्यात आले आणि त्याचा श्वास तेथेच कोंडला. वरिष्ठ भूलतज्ज्ञ योगायोगाने जिन्यावर होते म्हणून तो वाचला. त्या दिवसापासून असा रुग्ण माझ्याकडून कोठेही एकटा जात नाही आणि आडवा होत नाही. मानेच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये सुजलेले झाकण अंगठ्यासारखे जाड दिसते हे खरे, पण एक्स-रे निर्दोष दिसला तरी आजार नाकारता येत नाही. नाकातून घालायची बारीक लवचीक दुर्बीण रुग्ण बसलेला असतानाच, त्याच्या खुर्चीपाशी वापरता येते आणि अनुभवी हातात, तयारीनिशी केल्यास ती प्रौढांमध्ये सुरक्षित असते. आपल्या बंधूंना एक्स-रेच्या रांगेत न बसवता थेट दुर्बीण घातली, हे त्या रुग्णालयाने उत्तम केले.

घरी बोटाला लावायच्या ऑक्सिजन मापकाविषयी येथे मुद्दाम लिहितो, कारण कोविडनंतर ते यंत्र अनेक घरांत आले आहे. ‘ऑक्सिजन ९८ आहे, मग काळजी कशाची’ हे वाक्य मी वारंवार ऐकतो. फुप्फुसाच्या आजारात हा आकडा उपयोगी पडतो. परंतु घशाच्या वरच्या मार्गात अडथळा असताना फुप्फुसे निरोगी असतात आणि माणूस जोर लावून श्वास ओढत राहतो, त्यामुळे आकडा बराच काळ चांगला राहतो आणि पडतो तेव्हा वेळ जवळजवळ संपलेली असते. तसेच श्वास आत घेताना येणारा कर्कश, ओढल्यासारखा आवाज हे उशिराचे लक्षण आहे. तो ऐकू येण्याची वाट पाहणे म्हणजे पूर पायरीला लागल्यावर सामान हलवायला निघणे. दम्यात आवाज मुख्यतः श्वास बाहेर सोडताना येतो, येथे आत घेताना येतो. हा फरक लक्षात न आल्याने काही रुग्णांना दम्याची वाफ देत रात्र काढली जाते आणि त्या वाफेने या सुजेला काही उपयोग होत नाही.

उपचारांविषयी आपण सविस्तर विचारलेले नाही, तरी अतिदक्षता विभागात नेमके काय चालले होते हे कळावे म्हणून सांगतो. शिरेतून प्रतिजैविक, बहुधा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किंवा त्याच गटातील औषध, आणि गरजेनुसार जोडीला दुसरे. ओलसर ऑक्सिजन. तात्पुरता उतार मिळावा म्हणून काही वेळा अ‍ॅड्रिनॅलिनची वाफ. सूज उतरावी म्हणून बहुतेक ठिकाणी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, मीही देतो, पण या आजारात त्याचा नेमका किती लाभ होतो याचा भक्कम पुरावा नाही आणि मधुमेही रुग्णात साखर झपाट्याने वाढते. आपल्या बंधूंची दर काही तासांनी बोटाला सुई टोचून साखर पाहिली जात होती आणि इन्सुलिन दिले जात होते ते यासाठी. आणि खाटेशेजारी झाकून ठेवलेला एक ट्रे असणार, ज्यात नळी घालण्याचे आणि वेळ पडल्यास गळ्यातून श्वासाचे छिद्र करण्याचे साहित्य असते. तो ट्रे न उघडता परत गेला, ही आनंदाची गोष्ट आहे. प्रौढांमध्ये साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांना नळी लागते. कोणाला लागेल हे आधी पूर्ण खात्रीने सांगता येत नाही, मात्र मधुमेह, काही तासांत वाढलेला आजार, झाकणात पू होणे, सरळ बसूनही होणारा श्वासाचा त्रास आणि आत घेताना येणारा आवाज या गोष्टी असल्या की आम्ही अधिक सावध होतो. आपल्या बंधूंकडे यांतली मधुमेह ही एक गोष्ट आधीपासून होती आणि आडवे होता न येणे ही आजार पुढे सरकल्याची सूचना होती.

या आजाराची सर्वांत प्रसिद्ध कथा अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांची आहे आणि ती येथे अस्थानी नाही. १२ डिसेंबर १७९९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन बर्फ आणि पावसात घोड्यावरून आपल्या शेतांवर फिरले. दुसऱ्या दिवशी घसा धरला. १४ तारखेच्या पहाटे श्वास कठीण झाला. काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण प्यायला दिले तर ते गुदमरले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे दिवसभरात चार वेळा रक्त काढले गेले. उपस्थित तीन डॉक्टरांपैकी सर्वांत तरुण असलेल्या एलिशा कलन डिक यांनी गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचा उपाय सुचवला, पण तो मान्य झाला नाही आणि त्याच रात्री ६७ व्या वर्षी वॉशिंग्टन गेले. आज बहुतेक अभ्यासक तो आजार झाकणाची तीव्र सूज असावा असे मानतात. मी ही कथा सांगतो ती त्या घोटभर मिश्रणासाठी. ज्याला स्वतःची थुंकी गिळता येत नाही, त्याला काढा, हळदीचे दूध, मध किंवा गोळीचे पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत उतरते आणि पुढे भूल द्यायची वेळ आली तर भरलेले पोट नवे संकट उभे करते. आपल्या घरांत प्रेमाने पहिली गोष्ट होते ती हीच, म्हणून इतके स्पष्ट लिहितो.

सर्वच धोकादायक घसे झाकणाचे नसतात. टॉन्सिलच्या मागे पू झाला तर तोंड उघडेनासे होते, एका बाजूला ठणका लागतो, त्याच बाजूच्या कानात कळ जाते आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली दिसते. तो पू सुईने किंवा छोट्या छेदाने काढला की रुग्ण तेथेच सुटकेचा श्वास टाकतो. यात निदान सोपे असते, कारण दिसते.

दाताच्या मुळापासून निघणाऱ्या सुजेबद्दल मात्र मला अधिक बोलायचे आहे, कारण नाशिक जिल्ह्यात झाकणाच्या सुजेपेक्षा तिचे रुग्ण मला अधिक दिसतात. खालच्या जबड्याच्या मागच्या दोन दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्या पातळीच्या खाली उतरलेली असतात. अक्कलदाढ किंवा तिच्या शेजारची दाढ किडली आणि तिच्या मुळाशी पू झाला, तर तो हिरडीतून बाहेर न येता हनुवटीखालच्या मोकळ्या जागेत पसरतो. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज येते, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, तोंड मिटत नाही आणि लाळ ओघळते. विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये याचे वर्णन केले आणि त्याच्याच नावाने हा आजार ओळखला जातो. प्रतिजैविकांच्या आधीच्या काळात यातील निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आजही सुरगाणा, पेठ किंवा हरसूलकडून येणारा रुग्ण दाढदुखीत लवंग, मिश्री आणि वेदनाशामक गोळ्यांवर आठवडा काढून, सुजेवर शेक घेऊन मगच निघालेला असतो. दोष त्याचा नाही. मजुरी बुडवून, बस बदलत घाटाच्या रस्त्याने शहर गाठणे हा त्याच्यासाठी मोठा निर्णय असतो. परंतु दाढदुखीनंतर हनुवटीखाली सूज आली आणि जीभ उचललेली वाटली, तर तो दाताचा प्रश्न राहिलेला नसून श्वासाचा झालेला आहे, एवढे गावोगावच्या आशाताईंपर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

येथे तंबाखू-सुपारीचा एक परिणाम सांगितलाच पाहिजे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीची सवय गेलेली नाही. वर्षानुवर्षे सुपारी चघळल्याने गालांच्या आतली त्वचा आखडते आणि तोंड कमी उघडू लागते. स्वतःची तीन बोटे उभी करून समोरच्या दातांमध्ये मावतात का, हे कोणालाही घरी पाहता येते. दोनही मावत नसतील तर अशा माणसाच्या घशात सूज आल्यावर तोंडातून नळी घालणे जवळजवळ अशक्य होते. मग जागेपणीच नाकातून दुर्बिणीच्या आधाराने नळी घालणे किंवा गळ्यातून श्वासाचे छिद्र करणे एवढेच मार्ग उरतात. नातेवाईकांनी भूलतज्ज्ञांना ही सवय आणि तोंड किती उघडते ते लपवू नये. ते विचारतात ते उपदेश करण्यासाठी नाही.

जंतुसंसर्ग नसतानाही सूज येते. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल यांसारखी गोळी घेणाऱ्या काही व्यक्तींना ओठ, जीभ किंवा स्वरयंत्राला सूज येऊ शकते, तीही गोळी सुरू करून महिने किंवा वर्षे उलटल्यावर. ताप नसतो, खाज नसते, गांधी उठत नाहीत. अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या औषधांनी ती फारशी उतरत नाही. ती गोळी कायमची बंद करणे आणि श्वासावर लक्ष ठेवणे हाच मुख्य उपाय. याउलट मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी, चेहऱ्याला सूज आणि श्वास कोंडणे सुरू झाले, तर मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रिनॅलिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, हे जीव वाचवणारे औषध आहे आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते. बागायतदारांनी हा फरक ध्यानात ठेवावा. बागेत भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधकाची धुरळणी केल्यावर घसा चुरचुरतो आणि खोकला येतो हे खरे, पण त्याने थुंकी गिळणे थांबत नाही. ‘धुरळणीने घसा धरला’ या समजुतीत दोन दिवस गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

घटसर्पही विसरून चालणार नाही. घशात करडा, चिकट, ओढला तर रक्त येणारा पापुद्रा आणि दोन्ही बाजूंनी सुजलेली मान दिसली, तर तो संशय घ्यावा. लहानपणीच्या लसीचे संरक्षण काळानुसार कमी होते, म्हणून धनुर्वाताच्या साध्या इंजेक्शनऐवजी घटसर्पाचाही अंश असलेली टीडी लस प्रौढांनी घ्यावी.

एवढे वाचून प्रत्येक घसादुखीला घाबरण्याचे कारण नाही. बहुसंख्य घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आठवडाभरात कोमट पाण्याच्या गुळण्या, विश्रांती आणि पॅरासिटामॉलवर बरी होते. औषधांच्या दुकानातून परस्पर अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेण्याची सवय मात्र सोडावी. विषाणूवर तिचा उपयोग नाही, आणि जिवाणू असलाच तर अर्धवट उपचाराने चित्र झाकोळते. त्याहून घातक म्हणजे वेदनाशामक आणि स्टेरॉइड यांचे एकत्र इंजेक्शन. चार-सहा तास रुग्णाला छान वाटते, तो जेवतो, झोपतो आणि मध्यरात्री औषधाचा अंमल ओसरतो तेव्हा सूज पुढे गेलेली असते.

आता आपला तिसरा प्रश्न. घसा दुखत असताना थुंकी गिळता न येणे, आवाज कोंडल्यासारखा होणे, आडवे होता न येणे, तोंड उघडता न येणे किंवा हनुवटीखाली टणक सूज येणे, यांपैकी एक गोष्ट असली तरी सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला तो बसला आहे तसाच बसू द्यावे. जीभ चमच्याने दाबून आत पाहण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावर फोन करून ‘घशाला सूज आहे, श्वास अडतो आहे, बसवूनच न्यावे लागेल’ असे स्पष्ट सांगावे आणि रुग्णवाहिकेत स्ट्रेचरवर झोपवण्याचा आग्रह झाला तर तो मोडून काढावा. पिंपळगावहून नाशिक साधारण तीस किलोमीटर, महामार्ग चांगला आहे, पण मोटारसायकलवर मध्ये बसवून आणणे हा पर्याय नव्हे. वाटेत श्वास अडला तर काहीही करता येत नाही. निघण्यापूर्वी रुग्णालयात फोन करून कान-नाक-घसा तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग हे तिन्ही त्या क्षणी एकाच छताखाली आहेत का ते विचारावे. एक जरी नसेल तर जवळचे रुग्णालय सोडून दहा मिनिटे पुढचे गाठणे हिताचे. मात्र आत घेताना आवाज येत असेल, ओठ निळसर होत असतील किंवा माणूस गुंगू लागला असेल, तर जे पहिले सुसज्ज रुग्णालय लागेल तेथेच थांबावे.

आपल्या बंधूंच्या पुढच्या काळजीविषयी. प्रतिजैविकाच्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच बंद करू नयेत. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा दुर्बिणीने तपासून घ्यावे, कारण सूज ओसरल्यावरच झाकणावर गाठ किंवा पाण्याची पुटकुळी आहे का हे नीट कळते. हा आजार सहसा परत होत नाही, झाला तर त्यामागचे कारण शोधावे लागते. स्टेरॉइड दिले असल्याने काही दिवस साखर वर-खाली होईल, ती रोज पाहावी आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी फिजिशियनना दाखवावी. त्यांच्याकडेच न्यूमोकोकसच्या लसीविषयी विचारावे, मधुमेहींसाठी ती उपयुक्त आहे. तंबाखू असेल तर ती सोडण्यासाठी या आठवड्याइतकी चांगली वेळ नाही, घसा अजून आठवण करून देतो आहे.

आणि रुग्णालयाकडून दुर्बिणीतील चित्र व भूलतज्ज्ञांची नोंद मागून घ्यावी, तो आपला हक्क आहे. ही दोन कागदे मधुमेहाच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावीत. पुढे कधी हर्नियाची किंवा मोतीबिंदूची साधी शस्त्रक्रिया करायची ठरली, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती आधी दाखवावीत.